कोस्टा रिकाचा फील्ड कोर्स: सातपुड्यात काय कामाला येईल?

केळीची लेक, सावदा
एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष. कोस्टा रिकात तीन आठवड्यांच्या फील्ड कोर्सला निवड झालीय. अर्धी शिष्यवृत्ती, बाकी घरचे पैसे. आप्पा म्हणाले, "तेवढ्यात दोन एकरांचं ठिबक नवं होतं. पण तू जा." ते 'जा' म्हणाले म्हणूनच जीव अडकलाय. तिथलं शिकून पाल-यावलच्या जंगलात काय उपयोगी पडेल?

अनेरकाठ
ताई, मी जाऊन आलोय. सगळे ला सेल्वा या पावसाळी जंगलातल्या संशोधन केंद्राचं नाव घेतात. तिथे वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गमबूट पायातून निघत नाहीत. पण माझे डोळे उघडले ग्वानाकास्ते प्रांतात. तिथलं जंगल आपल्यासारखं पानगळीचं. मार्चात चोपड्याहून सातपुडा दिसतो ना, तसंच उघडंबोडकं. गुरांसाठी आणलेलं आफ्रिकी जारागुआ गवत उन्हाळ्यात पेटायचं आणि रोपं जळून जायची. पर्यावरणशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात स्थानिक माणसं सोबत घेऊन आधी वणवे थांबवले. मग वाऱ्यानं, जनावरांनी आणलेल्या बियांतून जंगल परत आलं. मी जमिनीवर आखलेल्या चौकटीत बसून रोपं मोजायचो, डोक्यात मात्र आपले सालई-धावडे. एका लागवडीत आपला साग दिसला, ओळीनं उभा, खाली माती उघडी. घसा दाटून आला होता. कोर्समध्ये कोरड्या जंगलाचे दिवस किती, ते आधी विचार. नसतील तर आप्पांचं ठिबक बरं.

बागायतदार, रावेर
पोरी, केळीच्या बागा बघून ये. तिथंही आपली ग्रँड नैन जातच, पण काळ्या करप्यावर, म्हणजे पानांच्या रोगावर, विमानानं फवारतात. मजुरांच्या वस्त्या बागेला किती लागून आहेत, तेही बघ. आम्हाला ते ऐकायचंय.

साक्रीकर
निघायच्या आधी आमच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जा. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, पण जंगल राखलं अख्ख्या गावानं. कोस्टा रिकात 1997 पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देतं, त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. आपल्याकडे 2006च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क गावाला मिळतो. मग असा पैसा आला तर कोणाच्या हातात द्यायचा? हा प्रश्न तिथल्या शिक्षकांना विचारच.

केळीची लेक, सावदा
वेळापत्रक पाहिलं. पालो वेर्देला सहा दिवस आहेत, तेही कोरड्या जंगलात. आप्पांना अनेरकाठदादांचं उत्तर वाचून दाखवलं. सागाचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. रविवारी दोघं बारीपाड्याला निघतोय.