'व्हर्च्युअल लिंक'ला मराठीत काय म्हणायचं? (ओएसपीएफ)

खडूफळा:
डिप्लोमाच्या मुलांसाठी राउटिंगच्या मराठी नोट्स लिहितोय. ओएसपीएफमध्ये (राउटरांनी आपापसात माहिती देऊन वाटा ठरवायची पद्धत) नेटवर्कचे भाग, म्हणजे एरिया, पाडतात आणि प्रत्येक एरिया शून्य एरियाला, म्हणजे बॅकबोनला, टेकलेला लागतो. दोन नंबरचा एरिया फक्त एक नंबरलाच चिकटलेला असेल, तर एक नंबरच्या दोन टोकांच्या एबीआरमध्ये (एरियांच्या सीमेवरच्या राउटरांमध्ये) व्हर्च्युअल लिंक टाकतात. मी तिला 'आभासी दुवा' म्हटलं. एका उत्तरपत्रिकेत आलं, 'हा दुवा आभासी असल्याने त्यावरून काहीच जात नाही.' मार्क कसे कापू? शब्दाचा अर्थ पोराने बरोबर लावलाय. दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती:
'आभासी' रुळलेला शब्द आहे. आभासी प्रतिमा आपण शाळेपासून शिकलो, हल्ली आभासी चलनही आहे. विद्यार्थ्याला विषय समजला नाही, त्यात शब्दाचा काय दोष?

रात्रपाळी:
आरशातल्या आभासी प्रतिमेच्या जागी किरण पोचतच नाहीत, ती पडद्यावर घेता येत नाही. इथे उलट आहे. दोन्ही राउटरवर समोरच्याचा राउटर आयडी घालून 'एरिया १ व्हर्च्युअल-लिंक' मारा. हॅलो संदेश जातात, शेजार 'फुल' (जोडणी पूर्ण) दाखवतो, एलएसए (वाटांची माहिती देणारे संदेश) येतात. फक्त वेगळी केबल ओढलेली नसते. यात भास कुठला? आमच्याकडे दुवाबिवा कोणी म्हणत नाही. 'व्हीएल टाकली का रे?' एवढंच.

सोसायटीसचिव:
'मानीव' चालेल का? फ्लॅटवाल्यांना पाठ आहे हा शब्द: मानीव अभिहस्तांतरण. बिल्डर सही करत नाही, तरी सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने हस्तांतरण झालं असं कायदा धरतो. मानलेल्या भावातला 'मान'च हा.

शुद्धमती:
मग 'डीम्ड युनिव्हर्सिटी'ला अभिमत विद्यापीठ म्हणतात, 'अभिमत दुवा' का नको? मानीव हा फायलीतला शब्द, सातबाऱ्याचा वास येतो त्याला. शिवाय दुवा म्हणजे आमच्या आजीच्या तोंडी आशीर्वाद, 'गरिबाचा दुवा घे' मधला. 'जोड' म्हणा.

उंबरठा:
'व्हर्च्युअल'चं मूळ लॅटिन 'व्हिर्तुस', गुण किंवा सामर्थ्य. इंग्रजीत जुना अर्थ 'नावाला नाही पण कामाला आहे' असा. आभासीचा अर्थ नेमका उलटा: दिसायला आहे, कामाला नाही. हेत्वाभास आठवा. हेतू वाटतो, असत नाही. ही दोन टोकं आपण एकाच शब्दात कोंबली आणि पोरांना दोष देतोय.

शुद्धमती:
व्युत्पत्तीवरून वापर ठरत नाही. 'महापौर'लाही लोक हसले होते.

उंबरठा:
म्हणजे रूढीचा कौल तुम्हाला हवा तेव्हाच लागू. 'व्हीएल' पण रूढच आहे की.

रात्रपाळी:
खडूफळा, तुमच्या पोराला अर्धे मार्क द्या हो. व्हर्च्युअल लिंक म्हणजे बोगदा नाही. युजरचा डेटा तिच्यात गुंडाळून जात नाही, एक नंबरच्या एरियातून साध्या राउटिंगनेच जातो. लिंकची कॉस्टही आपण देत नाही, त्या एरियातल्या वाटेची जी असेल ती. टाइप ५ एलएसए (ओएसपीएफच्या बाहेरच्या वाटांचे) तर हिच्यावरून पाठवतच नाहीत, ते मधल्या एरियात आपसूक पसरलेले असतात. स्टब एरियात टाइप ५ ला मज्जाव, म्हणून स्टबमधून ही लिंक टाकता येत नाही. ओएसपीएफचं मानक आरएफसी २३२८ (एप्रिल १९९८), पंधरावं प्रकरण, पोरांना तेच वाचायला लावा.

आणि नोट्समध्ये एक गोष्ट ठळक लिहा: ही लिंक शून्य एरियाची मानली जाते. एका ठिकाणी बॅकबोनवर पासवर्ड लावला. पलीकडच्या राउटरला शून्य एरियाची एकही केबल नव्हती, म्हणून तिकडे पासवर्ड घालायचं कोणाच्या मनात आलं नाही. रात्रभर लिंक खाली आणि सगळे केबल तपासतायत. माझं मत विचाराल तर डिझाइन करताना व्हीएल धरूच नये. दोन कंपन्या एक झाल्या, एरिया लांब पडला, तेवढ्यापुरती टाका आणि खरी लिंक आली की काढा.

उंबरठा:
'शून्य एरियाची मानली जाते.' बघा, 'मानीव' आलाच तुमच्या तोंडात!

रात्रपाळी:
बोलण्यात आला म्हणून पाटीवर लिहायचा का?

शुद्धमती:
'मधला एरिया' हे कसले मराठी? ट्रान्झिट एरियाला 'संक्रमण क्षेत्र' म्हणावे.

रात्रपाळी:
संक्रमण म्हटलं की तिळगूळ, नाहीतर साथ. 'वाटेतला एरिया' म्हणा, पोरांना कळेल.

शुद्धमती:
आणि 'एरिया' तेवढा ठेवायचा? बॅकबोनला 'कणा' म्हणता येतो, तर एरियाला 'क्षेत्र' म्हणायला काय हरकत आहे?

खडूफळा:
नोट्स शुक्रवारी छापायला जातायत. आभासी, मानीव की सरळ व्हर्च्युअल लिंक, एक काहीतरी सांगा.

केळीचं_पान:
@सोसायटीसचिव, मानीव अभिहस्तांतरणाला भोगवटा प्रमाणपत्र लागतंच का? आमचा बिल्डर गायब आहे.

सोसायटीसचिव:
व्यनि (खासगी निरोप) करतो.