शुल्हान आरूख: एकाच कलमात दोन निकाल, टीका कोणत्या क्रमाने वाचायच्या?

पोथीवाचक
शुल्हान आरूख या ज्यू धर्मकायद्याच्या संहितेतल्या ओराह हायीम (रोजचे आणि सणांचे नियम) भागातलं सिमान (प्रकरण) ४५३ वाचतोय. विषय पेसाह सणाच्या धान्यांचा; त्या सणात हामेत्झ, म्हणजे आंबलेलं धान्य, वर्ज्य. पहिल्याच सेइफमध्ये (कलमात) म्हटलंय की तांदूळ आणि कडधान्यं (किट्नियोत) यांचं हामेत्झ होत नाही, ती शिजवून खाता येतात. आणि लगेच पुढे, वेगळ्या वळणाच्या अक्षरात: काही जण मना करतात, अश्केनाझमधला रिवाज तसाच आहे, तो बदलू नये. मग कायदा कोणता? भोवतीच्या टीका कुठून सुरू करायच्या? थेट मिश्ना बेरूरा ही नंतरची टीका उघडली तर चालेल?

समासटीप
ही दोन माणसांची वाक्यं आहेत. चौकोनी अक्षरातलं मूळ योसेफ कारो यांचं, पहिली छपाई व्हेनिस, १५६५. राशी लिपीतली भर क्राकोवच्या मोशे इस्सर्लेस यांची, म्हणजे रेमांची. ती ‘हागाहा’ या शब्दाने सुरू होते. सेफार्दी (स्पेनच्या परंपरेतले ज्यू) मूळ मजकुरावर चालतात, अश्केनाझी (जर्मनी-पोलंडकडचे) रेमांवर. त्यामुळे तुमच्या सेइफमध्ये दोन्ही निकाल खरे आहेत, समाज वेगळे आहेत.

भर घालावी का लागली, हे कारोंच्या पद्धतीत दडलंय. अल्फासी, रामबाम आणि रोश या तीन जुन्या कायदेपंडितांपैकी दोघांचं मत जुळलं की तो निकाल. पहिले दोघे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेच्या परंपरेतले. रोश जर्मनीतून टोलेडोला आलेले, म्हणजे अश्केनाझी बाजूला तिघांत एकच मत. शिवाय जर्मनी-पोलंडचे रिवाज या मोजणीत धरलेच जात नव्हते.

तूरपासून
आधी पानावरून वर, म्हणजे जुन्या ग्रंथांकडे जा, मगच खाली, म्हणजे नंतरच्या टीकांकडे या. शुल्हान आरूखमध्ये कारणं जवळजवळ नाहीत. ती याकोव्ह बेन आशेर यांच्या ‘तूर’ या आधीच्या संहितेत आणि त्यावरच्या कारोंच्याच ‘बेत योसेफ’ टीकेत आहेत. सिमानचे क्रमांक तिन्हीकडे तेच, त्यामुळे शोधायला त्रास नाही. ४५३ मध्ये तूर सांगतो की काही जण मना करतात, कारण या धान्यांत गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. पण ही फाजील कडक शिस्त आहे आणि तसा प्रघात नाही. बेत योसेफ म्हणतो, अश्केनाझींखेरीज कोणी हे मानत नाही. एवढं वाचलं की कारोंची ओळ कुठून आली ते कळतं.

मग रेमांची भर पूर्ण वाचा. बंदीच्या वाक्यावर थांबलात तर अर्धा कायदा हातून जातो. पुढे ते सांगतात की असा दाणा पदार्थात पडला तर पदार्थ बाद होत नाही, या धान्यांचं तेल दिव्याला चालतं, ती घरात ठेवता येतात. हामेत्झला यातली सूट नाही. बंदी रिवाजाची आहे, तोराची (मूळ धर्मग्रंथाची) नाही, हे इथे दिसतं.

त्यानंतर ताझ आणि मागेन आव्राहाम या शुल्हान आरूखवरच्या टीका. मिश्ना बेरूरा सगळ्यात शेवटी, कारण ती या सगळ्यांचा निचोड काढते. आजारी माणसाला, जिवाला धोका नसला तरी, गरज असेल तर ही धान्यं शिजवून देता येतात, हे तिथे सापडेल. आधीचं न वाचता ती उघडली तर निकाल मिळेल, पण तो कुणाचा आणि कशावरून ते हाती लागणार नाही.

पोथीवाचक
योरे देआ (खाण्यापिण्याचे वगैरे नियम) या भागालाही हाच क्रम?

समासटीप
वरचा भाग तोच, खालचा नाही. मिश्ना बेरूरा फक्त ओराह हायीमवर आहे. योरे देआत मजकुराच्या दोन बाजूंना ताझ आणि शाख या टीका. दोन्ही १६४६ साली निघाल्या, त्यामुळे शाखच्या मूळ टीकेत ताझला उत्तर शोधू नका. ते आक्षेप शाखकारांच्याच ‘नेकुदोत हाकेसेफ’ या ग्रंथात वेगळे आहेत. दोघांचं जुळत नसेल तर प्री मेगादीम हा नंतरचा ग्रंथ बघा, तो दोन्ही टीकांवर स्वतंत्र लिहितो.

सिमान ८९ घ्या: मांसानंतर चीज खायला कारो सहा तास थांबायला सांगतात. रेमा एका तासाचा रिवाज नोंदवतात, पण शेवटी सहा तास थांबणंच योग्य म्हणतात, आणि शाख त्यावर जोर देतो. ‘रिवाज असा आहे’ हे शब्द दिसले म्हणून वाचन तिथेच थांबवू नये.

अक्षरगणित
संदर्भ शोधताना हमखास होणाऱ्या तीन चुका.

सेइफ म्हणजे मूळ मजकुराचं कलम, सेइफ कातान म्हणजे टीकाकाराची टीप. ‘ताझ ८९:२’ म्हणजे ताझची दुसरी टीप, आणि ती पहिल्या सेइफवरही असू शकते. आकडे हिब्रू अक्षरांत असतात: ताव ४००, नून ५०, गिमेल ३, मिळून ४५३. पंधरा आणि सोळा मात्र नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात असे लिहितात, कारण दहा अधिक पाच किंवा सहा लिहिलं तर देवाच्या नावाची अक्षरं जुळतात. आणि राशी लिपीत सामेख (स) व शब्दाअखेरचा मेम (म) जवळजवळ सारखे दिसतात. शब्दाच्या शेवटी असेल तर बहुधा मेम.

रेमांच्या ओळींत कंसातले ग्रंथसंदर्भ नंतरच्यांनी घातलेले आहेत, त्यात चुका आहेत. मूळ ग्रंथ उघडून खात्री केल्याशिवाय ते पुढे देऊ नका.

कारो आधी एक मत नाव न घेता देतात आणि मग ‘काही म्हणतात’ लिहितात, तेव्हा सेफार्दी निर्णयात पहिलं धरतात. दोन्ही मतं ‘काही म्हणतात’ अशी असतील तर दुसरं.