मदत हवी आहे: सभेचं आमंत्रण मेलवर पोचतं, पण 'स्वीकारा'चं बटणच येत नाही

आंबाकलम, देवगड

नमस्कार. आंबा बागायतदारांच्या एका संस्थेच्या सभांची आमंत्रणं मेलवरून जातात आणि प्रत्येकाकडे वेगळ्याच रूपात उगवतात. कार्यालयात विंडोजवरचं क्लासिक आउटलुक, खातं आयमॅपचं (साध्या मेल सर्व्हरचं). सभासद बहुतेक जीमेलवाले, फोनवरच बघणारे. हिशेबनीस रत्नागिरीला, ते थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम वापरतात. एक खरेदीदार दुबईत.

काही जीमेलवाल्यांना फक्त 'विनमेल.डॅट' नावाची फाइल दिसते, ती फोनवर उघडत नाही. थंडरबर्डमध्ये 'इन्व्हाइट.आयसीएस' (कॅलेंडरच्या नोंदीची फाइल) दिसते, पण वर होकार-नकाराची पट्टी नाही. शिवाय हंगामातल्या सहा सभांची एकच आयसीएस फाइल नोटपॅडमध्ये करून साध्या मेलला जोडली होती. तिच्यातली सकाळी ११ ची सभा सगळ्यांकडे दुपारी ४.३० ला पडली आणि मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं आली.

दुखणं एकच आहे की चार?

सुरंगी

दुखणी चार, पण त्यातली बरीचशी एका गोष्टीपाशी येतात. मेल प्रोग्रॅम फाइलीचं नाव बघून बटणं दाखवत नाही. मेलचा तो भाग कोणत्या लेबलाखाली आलाय ते बघतो. लेबल 'टेक्स्ट/कॅलेंडर' हवं, त्याच ओळीत 'मेथड=रिक्वेस्ट' (म्हणजे 'उत्तर हवंय') हवं आणि फाइलीच्या आतही मेथड रिक्वेस्टच हवी. (इथे देवनागरीत लिहितेय, प्रत्यक्षात हे सगळं रोमन अक्षरांत दिसेल.) हाताने जोडलेल्या फाइलीला बहुतेक वेळा हे लेबल पूर्ण मिळत नाही. मग ती नुसती जोडफाइल उरते, आमंत्रण होत नाही.

खात्री करायची तर संगणकावर जीमेल उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' घ्या आणि 'कंटेंट-टाइप' शोधा. फोनच्या अ‍ॅपमध्ये ही सोय नाही. तिथे काय सापडतं त्यावरून पुढचं ठरतं.

'अ‍ॅप्लिकेशन/एमएस-टीनेफ' दिसलं तर ते तुमचं विनमेल.डॅट. आउटलुक स्वतःच्या रिच टेक्स्ट पद्धतीने मजकूर आणि आमंत्रण एका गाठोड्यात बांधून पाठवतं, आणि ते गाठोडं बाकीच्यांना सोडवता येत नाही. तीन ठिकाणी बघा:

१. फाइल > ऑप्शन्स > कॅलेंडर. इथे संस्थेबाहेर आमंत्रण पाठवताना आयकॅलेंडर स्वरूप (आयसीएस फाइलीचं, सगळ्यांना वाचता येणारं) वापरा अशा अर्थाची चौकट आहे. तिच्यात खूण हवी. आमंत्रणांसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची.

२. फाइल > ऑप्शन्स > मेल. नवीन मेल 'एचटीएमएल'मध्ये, आणि रिच टेक्स्ट इंटरनेटवर पाठवताना 'कन्व्हर्ट टू एचटीएमएल'.

३. 'काहींनाच' असं होतं म्हणताय ना, तर बहुधा गोम इथे आहे. आउटलुक पत्त्यागणिक वेगळं स्वरूप लक्षात ठेवू शकतं. त्या सभासदाचा पत्ता संपर्कयादीत उघडून इंटरनेट फॉरमॅट रिच टेक्स्टवर अडकलंय का पाहा. 'टू'मध्ये नाव टाइप करताना खाली येणारी जुनी सूचनाही फुलीवर टिचकी मारून घालवा, नाहीतर तीच जुनी नोंद परत परत वापरली जाते.

ज्यांना विनमेल.डॅट गेलंय त्यांना ती उघडायची साधनं शोधायला लावू नका. आतला मजकूर मिळेल, बटणं मिळणार नाहीत. दुरुस्ती करून आमंत्रणच पुन्हा पाठवा.

नाखवा_हर्णै

वरच्या प्रतिसादाला जोड. संस्थेचं खातं आयमॅपऐवजी एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर असतं, तर आउटलुकमध्ये सगळं नीट करूनही सर्व्हर पुन्हा गाठोडं बांधू शकतो. तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्याला 'रिमोट डोमेन' या बाहेरच्या पत्त्यांच्या सेटिंगमध्ये टीनेफ (म्हणजे तेच गाठोडं) बंद करायला सांगावं लागतं. तुम्हाला ते लागू नाही.

आता ४.३० चं कोडं. ११ आणि ४.३० मध्ये साडेपाच तासांचं अंतर आहे, म्हणजे उत्तर तिथेच आहे. तुमच्या फाइलीत 'डीटीस्टार्ट'च्या, म्हणजे सभा सुरू होण्याच्या ओळीत वेळ ११०००० अशी आणि तिच्या शेवटी 'झेड' हे अक्षर असणार. झेड म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. फाइल सांगते 'ग्रिनिचला ११ वाजता', आणि आपल्याकडे तेव्हा ४.३० वाजलेले असतात. झेड ठेवून ०५३००० लिहा. आपल्याकडे ११ दिसतील, दुबईवाल्याकडे आपोआप ९.३०.

झेड नुसता काढून टाकू नका. मग ती वेळ कोणत्याच गावची राहत नाही, प्रत्येकाचं यंत्र आपापले ११ धरतं. दुबईचा माणूस दीड तास उशिरा येईल आणि चूक त्याची नसेल. तिसरा मार्ग 'टीझेडआयडी=एशिया/कोलकाता' लिहायचा, पण मग त्या वेळक्षेत्राच्या नियमांचा 'व्हीटाइमझोन' भागही फाइलीत द्यावा लागतो. तो नसला की काही प्रोग्रॅम चालवून घेतात, काही बिचकतात. भारतात उन्हाळी वेळ बदलत नाही, त्यामुळे हाताने लिहायच्या फाइलीला झेडच बरा.

एक खोच मात्र आहे. पहाटे साडेपाचच्या आधीची, दर सोमवारची नोंद झेडमध्ये लिहिलीत तर जागतिक वेळेनुसार तेव्हा रविवार असतो, आणि 'बायडे'मध्ये (कोणत्या वारी ते सांगणाऱ्या भागात) रविवार लिहावा लागतो. तुमच्या सभा ११ च्या, तुम्हाला त्रास नाही. पहाटे मासळी बाजार गाठणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सुरंगी

प्रश्नचिन्हांचं राहिलं. नुसती ???? दिसत असतील तर अक्षरं साठवतानाच मेली. नोटपॅडमध्ये फाइल 'एएनएसआय' म्हणून साठवली की देवनागरीला जागाच नसते. शीर्षकं पुन्हा टाइप करा आणि 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'यूटीएफ-८' निवडा. शेजारचं 'विथ बॉम' नको. त्याने पहिल्या ओळीच्या आधी न दिसणारे तीन बाइट बसतात आणि काही प्रोग्रॅम ही फाइल आयकॅलेंडर नाहीच म्हणून परत फिरतात. प्रश्नचिन्हांऐवजी टोप्यांवाल्या रोमन अक्षरांचा कचरा दिसत असेल तर मूळ अक्षरं शाबूत आहेत, फक्त लेबलात 'चारसेट=यूटीएफ-८' (अक्षरं कशी वाचायची ती सूचना) नाही.

शीर्षकं आटोपशीर ठेवा. आयकॅलेंडरच्या नियमात (आरएफसी ५५४५, वर्ष २००९) एक ओळ ७५ बाइटच्या वर जाऊ नये असं आहे, त्यापुढे ओळ तोडून नवीन ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करायची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे पंचवीस चिन्हांत ओळ भरली. एखाद्या साधनाने अक्षराच्या मधोमध ओळ तोडली की तेवढंच अक्षर फुटतं. बाकी शीर्षक नीट आणि मध्येच एक चौकोन दिसला तर कारण हे.

सहा सभा एका फाइलीत घालून होकार-नकार मागता येत नाही. रिक्वेस्टमध्ये एकाच यूआयडीची (प्रत्येक सभेच्या स्वतंत्र ओळखखुणेची) सभा चालते. वेळापत्रक नुसतं कळवायचं तर मेथड 'पब्लिश' ठेवा, बटणांची अपेक्षा सोडा. उपस्थिती हवी असेल तर आउटलुकमधून सहा वेगळी आमंत्रणं पाठवा. नोटपॅडचा नाद सोडलेला उत्तम.

आंबाकलम, देवगड

बरां झालां विचारलं ते! कॅलेंडरवाल्या चौकटीत खूण नव्हतीच. आता जीमेलवर बटणं येतात. पण हिशेबनिसांच्या थंडरबर्डमध्ये अजून पट्टी नाही. त्यांना आमंत्रण संस्थेच्या सामायिक पत्त्यावर जातं, तिथून त्यांच्या खात्यात वळतं. आणि सभेची तारीख बदलली तर काय करायचं?

नाखवा_हर्णै

अडचण त्या वळवण्यातच आहे. आमंत्रितांच्या यादीत सामायिक पत्ता, आणि थंडरबर्डला माहीत आहे त्यांचा स्वतःचा पत्ता. मग होकार कोणाच्या नावाने द्यायचा हे त्याला कळत नाही. सोपा उपाय म्हणजे आमंत्रणात त्यांचा खरा पत्ता घाला. त्यांच्या बाजूला थंडरबर्डच्या कॅलेंडरच्या नावावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, आणि 'ईमेल'मध्ये तेच खातं निवडलेलं हवं. तिथे 'नन' असेल तर पत्ता बरोबर असूनही घोडं अडतं.

तारीख बदलायची तर नवीन आमंत्रण करू नका. कॅलेंडरातली जुनीच सभा उघडा, तारीख बदला, 'सेंड अपडेट'. यूआयडी तोच राहतो, 'सीक्वेन्स'चा (कितव्यांदा बदल झाला त्याचा) आकडा वाढतो आणि सगळ्यांकडची नोंद सरकते. नवीन केलंत तर दोन सभा दिसतील आणि निम्मे लोक जुन्या तारखेला हजर होतील. रद्द करायची तरी त्याच नोंदीतून. ज्यांनी आधीची फाइल गूगल कॅलेंडरात हाताने इम्पोर्ट केली असेल त्यांनी त्या नोंदी पुसाव्यात, त्या आपोआप बदलणार नाहीत.

खाडीपलीकडे

मेल आला, पण कॅलेंडरात नोंद नाही असं कोणी म्हणालं तर त्याच्या गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर' बघा. 'ओन्ली इफ द सेंडर इज नोन' असेल तर अनोळखी पत्त्याची सभा कॅलेंडरात दिसत नाही. संस्थेचा पत्ता संपर्कात जोडायला सांगा, किंवा मेलमधून एकदा होकार द्यायला.

आणि पावसात रेंज गेली असताना हिशेबनिसांनी थंडरबर्ड ऑफलाइन ठेवून होकार दिला तर त्यांच्याकडे सभा स्वीकारलेली दिसेल, तुमच्याकडे उत्तर नसेल. ते 'लोकल फोल्डर्स'मधल्या आउटबॉक्समध्ये पडलेलं असतं. ऑनलाइन आल्यावर फाइल मेनूतून 'सेंड अनसेंट मेसेजेस'.