क्रूझ करून आलात? जेवणाखाण्याचं आणि टिपेचं काय ते सांगा (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

पाचपाखाडीकरीण

हल्ली आमच्या बिल्डिंगीत दर दिवाळीनंतर कोणीतरी क्रूझ करून येतं. डेकवरचे फोटो दाखवतात, पलंगावरचा टॉवेलचा हत्ती दाखवतात. पण रात्री तिथे नेमकं काय खाल्लंत असं विचारलं की "सगळं मिळतं गं" यापुढे गाडी जात नाही. सगळं म्हणजे काय? अंडं न घातलेलं गोड मिळतं? सकाळी साडेपाचला उठणाऱ्या माणसाला चहा मिळतो? टिप कोणाच्या हातात ठेवायची?

या हिवाळ्यात आम्ही सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाने जाणार आहोत. बरोबर आई-बाबा आणि पक्क्या शाकाहारी सासूबाई. जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने लिहा, मुंबई-गोवा असो की युरोप. पॅकेजच्या किमती नकोत, त्या दर आठवड्याला बदलतात. पोटाचं आणि पाकिटाचं सांगा.

नेरुळची मीनल

आम्ही मुंबईहून कॉर्डेलियाने गोव्याला गेलो होतो. जहाज मूळचं 1990 सालचं, त्यामुळे केबिन लहान आहेत. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की तिसऱ्या माणसाने पलंगावर चढून बसायचं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली ढकलता येतात.

नेरुळहून हार्बर लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर, हे सगळ्यात सोपं. सामान फार असेल तर अटल सेतूवरून शिवडी आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे. वेब चेक-इन करताना जी वेळ मिळेल तीच पाळा, लवकर पोचून फक्त रांगेत बसणं होतं. मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि केबिनच्या दारात आणून ठेवतात, पण त्याला बऱ्याचदा संध्याकाळ होते. तोवर लागणारं सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा: औषधं, चार्जर, मुलांचे पोहायचे कपडे. आमच्या शेजारचं कुटुंब अख्खी दुपार जीन्स घालून पुलाच्या काठावर बसलं होतं.

जेवण भारतीय, जैनही मिळतं. पण हात उत्तरेचा. पनीर, छोले, काळी डाळ. मालवणी कालवणाची आशा धरून जाऊ नका, मासे गोव्यात उतरून खा. दुपारी एक वाजता बुफेला अख्खी मुंबई लोटते. आम्ही सव्वादोनला जायचो, खिडकीशी जागा मिळायची आणि पोळ्याही गरम. दारू आणि कॅनमधली पेयं वेगळ्या बिलात. मुलांना हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा, कारण तिथे रोख चालत नाही. सगळं कार्डावर लिहिलं जातं आणि कार्ड काढताना कोणालाच काही वाटत नाही.

सायकलवाला (घोडबंदर)

सिंगापूरबद्दल दोन गोष्टी. एक, जहाज मलेशिया-थायलंड करून सिंगापूरलाच परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता. व्हिसावर मल्टिपल एंट्री लिहिलंय का ते एजंटाने पाठवलेल्या कागदावर स्वतः वाचा. दोन, घड्याळ. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फुकेतला उतरलं की फोन आपोआप मागे जातो, जहाज बहुतेक वेळा आपलीच वेळ धरून असतं. फोनमध्ये चार वाजलेले असतात तेव्हा जहाजावर पाच. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते आणि जहाज थांबत नाही. (कंपनीनेच विकलेल्या सहलीची बस अडकली तर थांबतं. आपण आपली टॅक्सी करून हिंडत असू तर नाही.) सरळ मनगटी घड्याळ बांधा.

फोन बंदर सोडताच एअरप्लेन मोडवर. भर समुद्रात जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क फोन आपणहून पकडतो आणि आपल्या नेहमीच्या इंटरनॅशनल पॅकमध्ये ते बहुधा बसत नाही. घरी आल्यावर बिल बघून बोट लागते.

खारघर डोंगरवाली

जेवणाचं मी सांगते, कारण आमच्याकडे यावरून घरात महाभारत झालं होतं. सासूबाईंनी चार दिवसांचे ठेपले, दशम्या आणि डब्यात सुकी चटणी असं सगळं बांधलं होतं. बहुतेक कंपन्या घरी शिजवलेलं अन्न जहाजावर घेऊ देत नाहीत. कारखान्यातून सीलबंद आलेलं चालतं: खाकरा, चिवडा, बिस्किटं, लोणच्याची छोटी पाकिटं. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, इस्त्री तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. एक्स्टेन्शन बोर्डही बहुतेक ठिकाणी चालत नाही. आगीला जहाजावर फार घाबरतात, हुज्जत घालू नका.

आता काय मिळतं. परदेशी जहाजावर दोन मोठी जेवणघरं तिकिटात येतात. वरच्या डेकवरचा बुफे, आणि खाली पांढऱ्या टेबलक्लॉथचं मेन डायनिंग. आपली माणसं सगळी वर बुफेला गर्दी करतात, खाली फक्त साहेबलोक जातात असं समजून. उलट शाकाहारी माणसाचं खरं खालीच भागतं. पहिल्या रात्री तिथे जा, हेड वेटरला बोलवा आणि सांगा, उद्यापासून रोज इंडियन व्हेजिटेरियन पाहिजे. तो वहीत लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशीपासून तुमच्या टेबलावर डाळ, भाजी, भात, रोटी येते, मेनूकार्डावर नसली तरी. आमचा हेड वेटर केरळचा होता. तिसऱ्या रात्री त्याने सासूबाईंसाठी रस्सम पाठवलं, त्यानंतर त्या बुफेकडे फिरकल्या नाहीत.

"व्हेज" एवढं म्हणून भागत नाही. तिकडच्या व्हेज सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं, पूर्वेकडच्या भाज्यांत ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस, केकमध्ये अंडं, जेलीत जिलेटिन. मांस नको, मासे नको, अंडं नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. जैन असाल तर बुकिंग करतानाच कळवा, ते ऐन वेळी होत नाही.

नौपाडा काका

तुम्हा मंडळींचं वाचून मजा वाटते. आम्ही कोकण सेवकने भाऊच्या धक्क्यावरून गावी जायचो. डेकवर सतरंजी टाकायची आणि घरून आणलेली भाकरी सोडायची. बोट लांब उभी राहायची, पडावातून किनाऱ्यावर उतरायचं, पावसाळ्यात सगळं बंद. मागच्या वर्षी मुलाने लक्षद्वीपला नेलं, तिथेही मोठं जहाज बाहेर उभं आणि छोट्या बोटीतून बेटावर. सूनबाई घाबरली, मला मात्र घरी गेल्यासारखं वाटलं. समुद्र खवळला असेल तर उतरणं रद्द करतात, त्यावर कॅप्टनशी भांडून उपयोग नाही. तेव्हा गुडघे धरलेल्यांनी ही फेरी निवडण्याआधी विचार करावा.

आणि आमच्या वयाच्यांसाठी: सकाळी साडेपाचला बुफेच्या बाहेर चहा-कॉफीचं यंत्र चालू असतं. चहा पिशवीचा, दूध छोट्या डब्यांतलं. मसाला चहाची सीलबंद पाकिटं खिशात ठेवा.

वाशीची केमिस्ट

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी बाल्कनीच्या मोहाने वरच्या मजल्यावरचं, टोकाचं केबिन घेऊ नये. खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध हेलकावा सगळ्यात कमी. बोट लागण्याची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. ओकाऱ्या सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. आल्याची वडी, आवळासुपारी नक्की न्या, पण सीलबंद. पोट रिकामं ठेवलं की जास्त मळमळतं, थोडं थोडं कोरडं खात राहा.

हात साबणाने धुवा, निव्वळ सॅनिटायझर चोळून जाऊ नका. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. जुलाब सुरू झालेच तर लपवू नका. जहाजाचा डॉक्टर फुकट नसतो, बिल डॉलरमध्ये येतं, त्यामुळे प्रवासविम्यात क्रूझ धरलंय का ते विचारा. इन्शुलिनसाठी केबिनमधला फ्रिज पुरेसा थंड असेलच असं नाही, रिसेप्शनवर आधीच सांगा.

ऐरोली ते अलास्का

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. एका अमेरिकी कंपनीच्या जहाजावर डायनिंगला आहे, सध्या सुट्टीवर घरी. वरचं वाचून काही उत्तरं द्यावीशी वाटली.

खारघरताई, घरचा ठेपला का अडवतात त्याचं कारण सांगतो. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजांची तिथले आरोग्य अधिकारी न सांगता तपासणी करतात, 100 पैकी गुण देतात आणि 85 किंवा खाली आले की नापास. गरम पदार्थ 57 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली, दर थोड्या वेळाने थर्मामीटर घालून नोंद. एका टेबलावर बाहेरचा डबा निघाला आणि कोणी आजारी पडलं तर आमच्या स्वयंपाकघराला जाब द्यावा लागतो. नळाला थेट बाटली लावून पाणी भरू देत नाही तेही याच कारणाने. ग्लासमध्ये घ्या, मग बाटलीत ओता.

हेड वेटरला पहिल्याच रात्री सांगा हे सोळा आणे खरं. पण त्याहून महत्त्वाचं, रोज रात्री पुढच्या दिवसाचं सांगा. भारतीय जेवण वेगळ्या पातेल्यात होतं, तुम्ही न सांगता बुफेला गेलात तर ते फुकट जातं आणि चौथ्या दिवशी आचारी तुमचं नाव ऐकून तोंड वाकडं करतो. साधं जेवण हवं असेल तर पिवळी डाळ, क्रीम नको, लोणी नको, साधा भात आणि लिंबाची फोड, असं नेमकं मागा. "थोडं स्पायसी करा" म्हणालात तर वरून चिली फ्लेक्स पडतील.

जेवणाच्या वेळा: पहिली पंगत साडेपाच-सहाची, दुसरी आठच्या आसपासची. आपली माणसं हमखास दुसरी घेतात, मग रात्रीचा शो आणि जेवण एकमेकांवर येतात. आई-बाबांना सूर्यास्ताआधी जेवायची सवय असेल तर पहिली उत्तम आणि ती जैन मंडळींनाही सोयीची. वेगळे पैसे घेणारी इटालियन-जपानी रेस्टॉरंट पहिल्या दोन दिवसांत बुक करू नका. आधी फुकटातलं बघा.

सायकलवाला (घोडबंदर)

टिपेचं बोला ना. आमच्या बिलात माणशी रोजची लावलेली होती, लहान मुलांचीही. रिसेप्शनवर जाऊन काढता येते म्हणे. मग काढावी की काय?

ऐरोली ते अलास्का

काढता येते, बहुतेक कंपन्यांत. आकडे सांगतो. अमेरिकी कंपन्यांत साध्या केबिनला माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर. 18 धरले तर चौघांचे सात रात्रींचे 504 डॉलर होतात. ही रक्कम अचानक समोर येते म्हणून माणूस दचकतो. बुकिंगच्या वेळीच भरून टाका म्हणजे सहलीत ती दिसत नाही.

ती जाते कुठे? केबिन साफ करणारा, जेवणघरातला वेटर, त्याचा मदतनीस, आणि तुम्हाला कधीच न दिसणारे भांडी-कपडे धुणारे. आमचा मूळ पगार लहान असतो, करार सहा-नऊ महिन्यांचा, मधे सुट्टीचा एक दिवस नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे उरलेले किती ते काढा. सेवा वाईट मिळाली तर तक्रार नाव घेऊन करा, दुसऱ्याच दिवशी सुधारते. सगळ्यांची टिप कापून राग काढला तर तो भलत्याच माणसावर निघतो. बारमध्ये मात्र डोळे उघडे ठेवा. पेयाच्या किमतीवर आधीच 18 टक्के वगैरे लावलेले असतात आणि पावतीवर टिपेची रिकामी ओळही असते. तिथे परत भरायची गरज नाही.

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर हिशोब वेगळा. बुकिंगच्या कागदात सेवाशुल्क आहे का ते बघा.

पाचपाखाडीकरीण

हे सोनं आहे! फॉर्मल नाइट म्हणतात तिथे बाबांना सूट लागेल का? आणि ते लाइफ जॅकेटचं ड्रिल आईला झेपेल ना?

खारघर डोंगरवाली

सूट नको. पूर्ण पँट, इस्त्रीचा शर्ट, बंद बूट पुरेत, कुर्ता-जाकीटही चालतं. रात्री मेन डायनिंगमध्ये हाफ पँट आणि बिनबाह्यांचा बनियन तेवढा नको. तू पैठणी ने. फोटोवाले तुझ्यामागेच फिरतील. (फोटो काढणं फुकट, छापील प्रत महाग.)

ड्रिल सगळ्यांना सक्तीचं. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटलं, त्यानंतर नियम कडक झाला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या करावंच लागतं. बऱ्याच जहाजांवर फोनवर व्हिडिओ बघून नेमलेल्या जागी हजेरी लावली की संपलं. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, एवढं लक्षात ठेवायचं. आईंना चालायला त्रास असेल तर आधी सांग, मदतीला माणूस देतात.

सीवूड्सचा आदित्य

शेवटच्या रात्रीचं कोणी लिहिलं नाही. मोठ्या बॅगा रंगीत पट्टी लावून रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या बंदरावरच मिळतात. सकाळचे कपडे, दात घासायचं सामान, पासपोर्ट आणि औषधं हाताशी ठेवा. आमच्या ओळीतला एक माणूस हॉटेलच्या चपला आणि नाइट ड्रेसमध्ये सिंगापूरच्या इमिग्रेशनला उभा होता. बॅगा उचलून स्वतःच आधी उतरायची सोयही असते, पण ज्येष्ठांना घेऊन ते करू नका. खाली उतरल्यावर तासभर खायला काही मिळत नाही, तेव्हा त्या दिवशीचा नाश्ता सोडू नका.

आणि रात्रीच टीव्हीवर किंवा ॲपवर बिल तपासा. सकाळी रिसेप्शनवर एवढी रांग असते की शंभर रुपयांची चूक असली तरी माणूस सोडून देतो.