भावकीचा वाद, प्रेम आणि रहस्य: खर्डा तयार आहे, पण धागे जुळत नाहीत

मांजराकाठ:
प्रेमकथा आणि रहस्य एकत्र असलेली कादंबरी लिहितेय. पहिला खर्डा 68,000 शब्दांचा झालाय. काळ डिसेंबर 2024, धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातलं काल्पनिक गाव. नायिका 29 वर्षांची, पुण्यात नोकरीला. ऑक्टोबरात वडील वारतात. आजोबांच्या वेळची 14 एकर जमीन आहे आणि काका तिच्याकडून हक्कसोडपत्र मागतात. नायक भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारा. तो मोजणीला येतो आणि दोघं जवळ येतात. मग धमक्या सुरू होतात, विहिरीवरची मोटर जळते, शेवटी कडब्याची गंजी पेटते.

अडचणी अशा. वाचणाऱ्या तिघांनीही पाचव्या प्रकरणातच काकांना ओळखलं. प्रेमाची आणि धमक्यांची प्रकरणं दोन वेगळ्या पुस्तकांतली वाटतात. घरातली भांडणं तर मालिकेसारखी झालीत, जो तो ओरडतो. कुठून दुरुस्त करू?

जुनाबांध:
काका ओळखू येतात, कारण जमीन फक्त त्यांनाच हवी आहे. नायिकेच्या वडिलांना एक बहीण द्या. आपल्याकडे जिला मावळण म्हणतात ती. आजी आधीच गेलेली आणि आजोबा 2011 मध्ये वारलेले ठेवा. आता हिशोब बघा. दोनच भाऊ धरले तर 7-7 एकर. मावळण बोलली तर तीन हिस्से, प्रत्येकी साधारण 4 एकर 27 गुंठे. म्हणजे काकांचं जितकं जातं तितकंच नायिकेच्या घराचंही जातं. ‘लेकीचा हक्क असतो’ हे वाक्य नायिकेला तिसऱ्या प्रकरणात काकांना ऐकवू द्या. तेच मावळणीनं तिला बाराव्या प्रकरणात ऐकवू द्या. तुमच्या कादंबरीचा खरा कौटुंबिक संघर्ष तिथं आहे. आणि संशयाला आता तीन घरं मिळतात, त्यात नायिकेची आईसुद्धा आली.

कायद्याच्या तारखा नीट वापरा, त्यांच्यातच रहस्य आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. तो जन्मानेच असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. पण 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. म्हणून तुमच्या खलनायकाला 2003 चा वाटणीचा कागद ‘सापडला’ पाहिजे. तो खोटा असल्याचा पुरावा साधा ठेवा: कागदावर ‘जिल्हा धाराशिव’ असं टाईप केलेलं. 2003 मध्ये सरकारी कागदावर उस्मानाबादच येणार, जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं. बोलण्यात लोक आधीपासून धाराशिव म्हणतच होते, त्यामुळे वाचकाच्या नजरेतून ते सहज निसटेल. हा कागद सातव्या-आठव्या प्रकरणात संपूर्ण वाचायला द्या, उलगडा शेवटी करा.

एक चूक टाळा. नोंदणी न झालेला असा कागद कोर्टात टिकत नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तोंडी वाटणी सांगायची तर तिला त्या काळच्या फेरफारासारखा (जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची सरकारी नोंद) आधार लागतो. त्यामुळे हा कागद कोर्टासाठी बनवलेला नाही. तो चार माणसांत मावळणीपुढं ठेवून तिला गप्प करण्यासाठी आहे. खलनायकाला माणसांची इतकी अचूक पारख असली की तो जास्त धोक्याचा वाटतो.

ओसरी:
प्रेम आणि रहस्य वेगळं पडण्याचं कारण नायकाची नोकरी. तुम्ही ती फक्त भेट घडवायला वापरली. मोजणीची नोटीस लगतधारकांनाही, म्हणजे शेजारच्या शेतवाल्यांनाही जाते, म्हणजे नायक कधी शेतात असणार हे सगळ्या बांधांना ठाऊक असतं. धमकी देणारा त्या तारखेवर लक्ष ठेवून असेल. शिवाय जुना अभिलेख बघताना नायकाला काहीतरी दिसू द्या, जे नोकरीमुळे तो तिला सांगू शकत नाही. अशानं जवळीक वाढेल तसा त्याचा खोटेपणाही वाढतो.

एक चाचणी करा. प्रेमाचं प्रत्येक प्रकरण काढून बघा. तपास कुठेच अडला नाही, तर त्या प्रकरणात एक तरी माहिती मिळाली किंवा लपवली गेली पाहिजे. उलटंही करा, धमकीच्या प्रसंगानंतर दोघांतलं नातं बदललं नाही तर प्रसंग वाया गेला.

घड्याळ फेरफाराचं लावा. वारसाची नोंद घेतली की तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतो. हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लेखी हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदीत जातं आणि लांबतं. खलनायकाला एवढंच हवं: त्या 15 दिवसांत मावळणीनं किंवा नायिकेनं हरकत देऊ नये. मुदत 31 डिसेंबरला संपवा, कारण त्या वर्षी 30 ला वेळ अमावस्या आहे, आपल्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण.

तेरणाथडी:
वेळ अमावस्येला माझाही कौल. त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं, घरांना कुलपं. जुना वाडा उघडून कागद शोधायला याहून चांगला दिवस नाही. आणि पाहुण्याला भज्जी-आंबील खायला शेतात बोलावतातच, त्यामुळे नायकाला घरच्यांसमोर बसवायला वेगळं निमित्त लागत नाही. पण त्या रात्री चंद्र दाखवू नका. डिसेंबरात सोयाबीन रानात नसतं, लपायला ज्वारीच हवी. कडबाही फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, डिसेंबरात गंजी संपत आलेली असते. त्यापेक्षा ऑक्टोबरात काढून रचलेली सोयाबीनची गंजी पेटू द्या. वर्षाचं पीक एका रात्रीत जातं, पोटावर पाय येतो. मोटर मात्र राहू द्या, ती कमी दाबाच्या लाईटनंही जळते. घातपात की अपघात, हा संशय टिकतो.

ओसरींशी एका बाबतीत सहमत नाही. नायकाचं गुपित शेवटपर्यंत ताणू नका. 68,000 शब्दांत ते 34,000 च्या आसपास फुटलं पाहिजे. पुढचा अर्धा भाग ‘याच्यावर विश्वास ठेवू का’ यावर चालेल.

भांडणांतला आवाज कमी करा. आपल्या घरांत मोठं भांडण जेवणाच्या पंगतीत कळतं. काका तिच्या हातचं पाणी न घेता उठतात. चुलती तिला ‘बाई’ म्हणायची ती अचानक ‘पाहुणी’ म्हणते. आई डोक्यावरचा पदर पुढं ओढून चुलीकडं तोंड करते. ओरडणं एकदाच ठेवा आणि ते मावळणीला द्या, कारण ती तीस वर्षं गप्प आहे.

मांजराकाठ:
मावळण आली की सगळंच हलतं, खरंय. मग कागद कुणी बनवला? मावळणीचा मुलगा चालेल का?

जुनाबांध:
नाही, कागदानं त्याच्याच आईचा हिस्सा जातो. नायिकेचा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा घ्या. त्याला कर्जासाठी सातबाऱ्यावर वाद नको आहे, घाई त्यालाच आहे. काकांना कागद खोटा असल्याचं सोळाव्या प्रकरणात कळू द्या आणि तरी पोराला वाचवायला ते गप्प राहू द्या. आत्ता जे काका पाचव्या प्रकरणात ओळखू येतात, त्यांच्यावरचा संशय तसाच राहू द्या. तो पुसायची गरज नाही, फक्त त्याचं कारण चुकीचं निघालं पाहिजे.