बांदा बेटं आणि जायफळ: एका कंपनीला हे जमलं कसं?

प्रश्न:
मंडळी, सध्या डच ईस्ट इंडिया कंपनीबद्दल वाचतोय आणि इंडोनेशियातल्या बांदा बेटांपाशी येऊन अडकलोय. जगात जायफळ तेव्हा फक्त तिथेच पिकायचं, जावा, मलय, अरब सगळे व्यापारी यायचे, कोणी बेटं बळकावली नाहीत. मग १६२१ मध्ये एका कंपनीनं ती रिकामी कशी केली? नुसत्या तोफांच्या जोरावर?

प्रतिसाद १:
तोफा होत्याच हो, पण १६०२ मध्ये स्थापनेच्या वेळीच डच सरकारनं तिला किल्ले बांधायचा, सैन्य ठेवायचा, तह करायचा हक्क दिला होता, म्हणजे नावाला कंपनी, बाकी राज्यच. आणि बांदाला राजा नव्हता, गावोगावचे 'ओरांग काया' म्हणजे मातब्बर लोक कारभार बघायचे. त्यातल्या काहींकडून 'जायफळ फक्त आम्हालाच' असे करार लिहून घेतले आणि ते सगळ्यांवर लादले. आता बेटांवर तांदूळ पिकत नाही, तो बाहेरचे व्यापारी आणणार आणि बदल्यात जायफळ नेणार, मग लोकांनी करार पाळायचा की जेवायचं? इंग्रजांना, जावावाल्यांना माल दिला की डच म्हणायचे करार मोडला.

प्रतिसाद २:
धान्याचा मुद्दा अगदी बरोबर. पुढचं वाचताना मला पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून स्वतः आरमार घेऊन आला, बांदावरच्या डचांच्या नासाउ किल्ल्याबाहेर बांबूचं कुंपण घातलं आणि आत ४४ ओरांग काया जपानी भाडोत्री सैनिकांकडून कापून काढले. साधारण १५,००० वस्तीतले हजारभरच बेटांवर उरले असं मानतात, बाकीचे मेले, उपाशी मेले, गुलाम झाले नाहीतर पळाले. मग जमिनीचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले, राबायला बाहेरून गुलाम आणले.

बांदातलंच रन बेट डचांना देऊन इंग्रजांना आजच्या न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन मिळालं, १६६७ चा ब्रेडाचा तह, हा किस्सा सगळे हौसेनं सांगतात, पण त्यात बांदाची माणसं कुठेच नसतात याचा मला खरंच राग येतो.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद, करारांचा भाग माहीतच नव्हता. पळाले ते कुठे गेले?

प्रतिसाद १:
बरेचसे होड्यांनी केई बेटांवर. तिथे बांदा एली आणि बांदा एलात अशी दोन गावं आहेत, नावातच बांदा. त्यांची मूळ भाषा आजही तिथे बोलतात, खुद्द बांदावर ती कोणी बोलत नाही.