थ्रेडमधलं इव्हेंट पासिंग स्लो म्हणून लगेच लॉक-फ्री क्यू? मला नाही पटत

खटपट्या: बघावं तिथे एकच सल्ला, एका थ्रेडकडून (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या कामाकडून) दुसऱ्याकडे इव्हेंट जायला वेळ लागतोय ना, मग म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) काढा नि लॉक-फ्री, म्हणजे असा लॉक न लावता चालणारी, क्यू लावा. अहो बहुतेक वेळा लॉक महाग नसतोच, महाग असतं ते झोपलेल्या थ्रेडला उठवणं. लिनक्सवर म्युटेक्ससाठी मारामारी नसेल तर कर्नलपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यापर्यंत) जावंच लागत नाही, म्युटेक्समागच्या फ्युटेक्स या सोयीची सगळी गंमत तीच. पण कंडिशन व्हेरिएबलवर (काम येईपर्यंत थ्रेड जिथे झोपतो ते) कोणी झोपलेलं असताना नोटिफाय मारलं, म्हणजे उठवलं, की सिस्टम कॉल, शेड्यूलर, कॉन्टेक्स्ट स्विच (सीपीयूवरचा थ्रेड बदलणं), अख्खी वरात निघते आणि आपण ती दर इव्हेंटला काढतो! क्यू रिकामी असताना पहिला इव्हेंट पडला तरच उठवा, उठलेल्याने लॉक घेऊन अख्खी क्यू रिकाम्या क्यूशी स्वॅप करून न्यावी, पुढचं काम लॉक सोडून.

बायनरी_बाबू: काहीही. लंडनच्या एलमॅक्स या ट्रेडिंग एक्स्चेंजने 2011 मध्ये डिसरप्टर, म्हणजे थ्रेडमध्ये इव्हेंट पोचवायची त्यांची लायब्ररी, ओपन सोर्स केला तो काय हौस म्हणून? रिंग बफर (गोल फिरून तीच जागा पुन्हा वापरणारी क्यू), जागा आधीच अलोकेट केलेल्या, आणि त्यांचं खरेदी-विक्रीच्या ऑर्डरचं लॉजिक एका थ्रेडवर सेकंदाला 60 लाख ऑर्डर. तुमच्या स्वॅपने करून दाखवा. शिवाय बॅच केलं की लेटन्सी, म्हणजे प्रत्येक इव्हेंटचा उशीर, वाढणार, पहिला इव्हेंट बाकीच्यांसाठी ताटकळणार.

खटपट्या: ताटकळतंय कोण? टायमर लावा असं म्हटलंच नाही, उठल्यावर साचलंय तेवढं उचला, एक असेल तर एक. डिसरप्टरचा कन्झ्युमर (इव्हेंट उचलणारा थ्रेड) पण हेच करतो, सीक्वेन्स (इव्हेंटचा क्रमांक) कुठवर गेलाय बघून तिथपर्यंतचं एका दमात संपवतो. आणि त्याची डीफॉल्ट वेट स्ट्रॅटेजी ब्लॉकिंगच, म्हणजे झोपून वाट बघायची, आहे बरं का! बिझी स्पिन (न झोपता सतत बघत राहणं) मुद्दाम निवडावी लागते, तीसुद्धा कोअर मोकळे असतील तर. दोन सीपीयूच्या कंटेनरमध्ये स्पिन केलंत तर ज्याची वाट बघताय त्याचाच सीपीयू खाताय.

निळी_शाई: 'रिकामी असेल तरच उठवा' हे एक कन्झ्युमर आहे तोवर ठीक. तीन वर्कर झोपलेत, पाठोपाठ तीन इव्हेंट आले, नोटिफाय एकदाच, मग एकटा राबतोय नि दोघं घोरतायत. त्यात स्वॅप केली की सगळं त्याच्याच गळ्यात.

खटपट्या: अनेक वर्करच्या पूलला कुठे म्हणतोय, लॉग लिहिणारा थ्रेड, यूआय थ्रेड, तिथलं बोलतोय. इपोलवाल्यांना (लिनक्सवर एकाच थ्रेडमधून अनेक कनेक्शनवर नजर ठेवणाऱ्यांना) तर इव्हेंटएफडी हा कर्नलमधला काउंटर आयताच आहे, दहादा लिहिलं तरी एका रीडमध्ये बेरीज हातात.

बायनरी_बाबू: आणि लॉक-फ्री स्लो वाटतं कारण लोक हेड नि टेल, म्हणजे क्यूच्या दोन टोकांचे काउंटर, शेजारी ठेवतात. दोन्ही एकाच 64 बाइटच्या कॅश लाइनमध्ये (सीपीयूच्या कॅशमध्ये एकत्रच हलणारा तुकडा), एक कोअर हेड लिहितोय, दुसरा टेल, आणि लाइन बसलीये इकडून तिकडे फिरत. मधे पॅडिंग, म्हणजे रिकामे बाइट, टाका मग बोला.

चहा_कमी_साखर: यूआयचा विषय निघालाय म्हणून, स्क्रीन सेकंदाला साधारण 60 वेळा रंगते आणि तुम्ही सेन्सरचे हजार इव्हेंट पाठवताय कशाला? ताजी व्हॅल्यू एका अ‍ॅटॉमिकमध्ये (लॉकशिवाय सुरक्षित वाचता-लिहिता येणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवा, क्यूच नको.

बायनरी_बाबू: सेन्सरला चालेल. ऑर्डरमधली एक गाळून दाखवा बरं.

चहा_कमी_साखर: इथे किती जण एक्स्चेंज लिहितायत?